स्ट्रोकच्या चाचण्या: टक्केवारीच्या आधी काय वाचायचं

स्ट्रोकवरच्या एखाद्या मोठ्या चाचणीचा निकाल आला की आधी एकच ओळ फिरते. 'उपचार गटात ४९ टक्के, कंट्रोल म्हणजे तुलनेच्या गटात १३ टक्के.' आकडे खरे आहेत, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या डॉन चाचणीतले. पण कशाचे ४९ टक्के, आणि कुणापैकी? ही उत्तरं सारांशात क्वचितच धड सापडतात. ती मेथड्सच्या भागात असतात, कधी कधी तर पुरवणीतल्या तक्त्यात. माझं मत विचाराल तर स्ट्रोकच्या चाचणीचा निम्मा निकाल पहिला रुग्ण भरती होण्याआधीच ठरलेला असतो. दारात कुणाला घ्यायचं आणि शेवटी चांगल्या-वाईटाची रेघ कुठे मारायची, हे दोन निर्णय झाले की बरंच काही झालं.

रेघ

आधी शेवटाकडून सुरुवात करू. तातडीच्या उपचारांच्या जवळपास सगळ्या मोठ्या चाचण्यांचा मुख्य निकाल साधारण नव्वदाव्या दिवशी मॉडिफाइड रँकिन स्केलवर मोजतात. सात पायऱ्या आहेत. ० म्हणजे काहीच लक्षण नाही. १ म्हणजे थोडं काही उरलंय, पण नेहमीची सगळी कामं होतात. २ म्हणजे पूर्वीचं सगळं जमत नाही, तरी स्वतःचं स्वतः बघता येतं. ३ म्हणजे कशात ना कशात मदत लागते, चालणं मात्र दुसऱ्या माणसाविना होतं. ४ म्हणजे चालायला माणूस लागतो, अंघोळ-कपड्यांनाही लागतो. ५ म्हणजे अंथरुणाला खिळलेला, चोवीस तास कुणीतरी हवं. ६ म्हणजे मृत्यू.

वाचायला सोपं वाटतं. रुग्णासमोर किंवा फोनवर बसून आकडा द्यायचा म्हटलं की घोळ सुरू होतो. काठी किंवा वॉकर घेऊन स्वतः चालणारा रुग्ण ३ मध्येच बसतो. हात धरायला माणूस लागला की तो ४ मध्ये जातो. २ आणि ३ मधली सीमा तर फारच निसरडी. तिथे विचारायचा प्रश्न असा: हा माणूस आठवडाभर एकटा राहू शकेल का? हिशेब, औषधं, जेवण सगळं स्वतः बघून? 'आम्ही त्यांना काही करूच देत नाही' हे नातेवाइकाचं उत्तर ऐकून मूल्यमापन करणारा ३ लिहून मोकळा होतो. वास्तविक विचारायचं असतं ते करता येतं का, आणि घरचे करू देतात का हा निराळा मुद्दा आहे. असे दहा-बारा रुग्ण इकडचे तिकडे झाले तर शे-दोनशेच्या चाचणीत निकाल फिरतो. म्हणून चाचणीत ठरावीक प्रश्नावली वापरली का, मूल्यमापन करणाऱ्याला प्रशिक्षण होतं का, आणि रुग्णाला कोणता उपचार मिळाला हे त्याला ठाऊक नव्हतं ना, हे आधी बघावं. थ्रॉम्बेक्टॉमीच्या, म्हणजे गुठळी यंत्राने काढण्याच्या, चाचणीत रुग्णाला आणि डॉक्टरला अंधारात ठेवता येत नाही. मग शेवटचा आकडा लिहिणारा तरी अंधारात हवाच.

आता रेघेचा प्रताप बघा. १९९८ ची ईकॅस-२ ही अल्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची चाचणी, ८०० रुग्ण, सहा तासांपर्यंतचे. '०-१ म्हणजे चांगलं' असं आधीच ठरलं होतं. निकाल आला ४०.३ टक्के विरुद्ध ३६.६ टक्के, म्हणजे फरक सिद्ध झाला नाही. तीच माहिती '०-२ म्हणजे चांगलं' अशी कापून पाहिली तेव्हा ५४.३ विरुद्ध ४६.० टक्के निघाले, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला. रुग्ण तेच आणि औषधही तेच. पण दुसरी रेघ निकाल हाती आल्यावर मारलेली, त्यामुळे तिला पुराव्याचं वजन देता येत नाही. ती पुढच्या चाचणीसाठी सूचना म्हणून ठीक.

या कटकटीतून सुटायला हल्ली बहुतेक चाचण्या सगळ्या सात पायऱ्यांची वाटणी एकत्र तपासतात. याला शिफ्ट ॲनालिसिस म्हणतात आणि निकाल 'कॉमन ऑड्स रेशो' म्हणून येतो, म्हणजे दोन गटांतल्या शक्यतांचं गुणोत्तर; १ आलं तर फरक नाही. पद्धत चांगली, पण तिच्यातून निघणारे आकडे जपून वापरावेत. थ्रॉम्बेक्टॉमीच्या पाच चाचण्यांतल्या १२८७ रुग्णांचं हर्मीस हे एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये आलं. त्यातला '२.६ रुग्णांवर उपचार केले की एकाला फायदा' हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. इथे फायदा म्हणजे निदान एक पायरी सुधारणा. ५ वरून ४ वर आलेलाही त्यात मोजला जातो. 'स्वतःचं स्वतः बघणारे', म्हणजे ०-२, किती हे विचारलं तर त्याच विश्लेषणात ४६.० विरुद्ध २६.५ टक्के आहेत. म्हणजे साधारण पाच रुग्णांमागे एक. तरीही हा फायदा प्रचंडच आहे. पण नातेवाइकांशी बोलताना २.६ सांगितलं तर त्यांच्या डोळ्यासमोर 'अडीच जणांत एक बरा होतो' असं चित्र उभं राहतं, आणि ते चूक आहे.

आणखी एक बारीक तपशील. बहुतेक चाचण्या स्ट्रोकच्या आधी ज्यांचा रँकिन ०-१ होता अशांनाच घेतात. आधीच काठी धरून चालणाऱ्या, विसरभोळेपणा वाढलेल्या वयस्क रुग्णाला त्या चाचणीचा ०-२ चा आकडा लागू करता येत नाही. अशा रुग्णात 'पूर्वी होता तिथे परत आला का' हाच यशाचा अर्थ.

रक्तस्राव मोजायची तऱ्हा

फायद्याच्या आकड्याइतकाच घोळ धोक्याच्या आकड्यात आहे, आणि त्याकडे लोक कमी लक्ष देतात. 'लक्षणं निर्माण करणारा मेंदूतला रक्तस्राव' याच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत. १९९५ च्या अल्टेप्लेजच्याच एनआयएनडीएस चाचणीत स्कॅनवर रक्त दिसलं आणि प्रकृती कशीही, थोडीशी जरी बिघडली तरी तो धरला जायचा. ईकॅस-२ च्या व्याख्येत एनआयएचएसएस, म्हणजे स्ट्रोकची तीव्रता सांगणारा गुणांक (जास्त गुण म्हणजे जास्त तीव्र), निदान ४ गुणांनी बिघडावा लागतो. सिट्स-मोस्ट या नोंदणी-अभ्यासाच्या व्याख्येत तेवढं बिघडणं हवंच, शिवाय रक्ताची गाठ मोठी, मेंदूच्या मेलेल्या भागाच्या ३० टक्क्यांहून अधिक जागा व्यापून दाब देणारी हवी.

परिणाम काय होतो ते २००८ च्या ईकॅस-३ मध्ये उत्तम दिसतं, कारण त्यांनी एकाच गटावर सगळ्या व्याख्या लावून दाखवल्या. अल्टेप्लेज घेतलेल्या त्याच रुग्णांत रक्तस्राव १.९ टक्के निघतो सिट्स-मोस्टच्या व्याख्येने, २.४ टक्के त्यांच्या स्वतःच्या, ५.३ टक्के ईकॅस-२ च्या आणि ७.९ टक्के एनआयएनडीएसच्या व्याख्येने. दोन वेगवेगळ्या पेपरांतले रक्तस्रावाचे टक्के शेजारी ठेवून 'हे औषध सुरक्षित' म्हणणाऱ्याला आधी व्याख्या विचारावी. तुलना करायची ती त्याच चाचणीतल्या कंट्रोल गटाशी. ईकॅस-३ मध्ये एनआयएनडीएसच्या व्याख्येने कंट्रोल गटातही ३.५ टक्के आहेत. मरू घातलेल्या मेंदूत औषधाशिवायही रक्त झिरपतं.

घड्याळ आणि पंप

एनआयएनडीएसमध्ये ६२४ रुग्ण होते, सगळे तीन तासांच्या आतले. तीन महिन्यांनी रँकिन ०-१ असलेले ३९ टक्के विरुद्ध २६ टक्के. रक्तस्राव ६.४ विरुद्ध ०.६ टक्के. मृत्यू १७ विरुद्ध २१ टक्के, म्हणजे रक्तस्राव वाढूनही मृत्यू वाढले नाहीत. या चाचणीवर पुढे बरीच टीका झाली. ९१ ते १८० मिनिटांच्या गटात सौम्य स्ट्रोकचे, एनआयएचएसएस ५ पर्यंतचे, रुग्ण अल्टेप्लेजच्या बाजूला १९ टक्के आणि प्लासिबोच्या, म्हणजे बिनऔषधाच्या, बाजूला जेमतेम ४ टक्के होते. सौम्य रुग्ण एका बाजूला गोळा झाले तर ती बाजू जिंकणारच, असा आक्षेप. स्वतंत्र समितीने माहिती पुन्हा तपासली, हा असमतोल हिशेबात धरला आणि तरीही फायदा टिकला. आक्षेप योग्य होता आणि उत्तरही योग्य मिळालं. ईकॅस-३ मध्येही असाच कल आहे: आधी स्ट्रोक होऊन गेलेले ७.७ टक्के उपचार गटात, १४.१ टक्के प्लासिबो गटात. रुग्णांच्या मूळ स्थितीचा पहिला तक्ता न वाचता निकालाच्या तक्त्यावर उडी मारणाऱ्यांना हे कळत नाही.

वेळेचा परिणाम पाहायला एकेक चाचणी अपुरी पडते. २०१४ मध्ये नऊ चाचण्यांतल्या ६७५६ रुग्णांची वैयक्तिक माहिती एकत्र केली गेली. रँकिन ०-१ चे प्रमाण तीन तासांच्या आत ३२.९ विरुद्ध २३.१ टक्के, तीन ते साडेचार तासांत ३५.३ विरुद्ध ३०.१, आणि त्यानंतर ३२.६ विरुद्ध ३०.६. म्हणजे साधारण दहात एक, मग एकोणीस-वीसात एक, मग पन्नासात एक. सात दिवसांतला जीवघेणा रक्तस्राव २.७ विरुद्ध ०.४ टक्के, आणि उशीर झाला म्हणून हा जादा धोका कमी होत नाही. फायदा घसरत जातो आणि धोका तिथेच राहतो, म्हणून साडेचार तासांची मर्यादा. साडेचार तास एका मिनिटाने उलटले की मेंदू मरतो, असा तिचा अर्थ कुणी घेऊ नये. वेळ मोजायची ती रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला तिथपासून. सकाळी सहाला पडलेला सापडला आणि रात्री दहाला झोपायला गेला, तर घड्याळ रात्री दहाला सुरू झालं. अशांसाठी वेक-अप चाचणीने २०१८ मध्ये एमआरआयचा मार्ग दाखवला. एमआरआयच्या डिफ्यूजन या चित्रावर डाग दिसतो पण फ्लेअर या चित्रावर अजून उमटलेला नाही, म्हणजे इजा बहुधा साडेचार तासांच्या आतली. ५०३ रुग्णांत ०-१ चे प्रमाण ५३.३ विरुद्ध ४१.८ टक्के. पैसा संपला म्हणून ती ठरवलेल्या ८०० रुग्णांआधीच थांबली. मृत्यू ४.१ विरुद्ध १.२ टक्के आहेत, तेही नजरेआड करू नयेत.

आता पंपाकडे, कारण चाचणीतला फायदा डोसाच्या तपशिलासकट मोजलेला असतो. अल्टेप्लेज ०.९ मिग्रॅ प्रति किलो, कमाल ९० मिग्रॅ. त्यातले दहा टक्के एका मिनिटात बोलस म्हणजे एकदम टोचून, उरलेलं ६० मिनिटांत. ७० किलोच्या रुग्णाला एकूण ६३ मिग्रॅ, म्हणजे ६.३ बोलस आणि ५६.७ पंपावर. सुरू करण्याआधी रक्तदाब १८५/११० च्या खाली, साखर तपासलेली, आणि नंतरचे २४ तास रक्तदाब १८०/१०५ च्या खाली. चुका कुठे होतात? वजन नजरेने धरलं जातं आणि दहा किलोचा फरक पडतो. बोलस दिल्यावर पंप शोधण्यात दहा मिनिटं जातात. या औषधाचा अर्धायुकाल पाचेक मिनिटांचा, तेवढ्यात बोलस उतरून गेलेलं असतं. जादा औषध आधी काढून न टाकता पूर्ण वायल पंपाला जोडली जाते आणि तासाभराने नको तेवढं गेलेलं असतं. याउलट पंप 'संपलं' म्हणतो तेव्हा नळीत बरंच औषध शिल्लक असतं, आणि नळी काढून टाकली की ते कचऱ्यात जातं. त्याच वेगाने सलाईन सोडून नळी रिकामी करून घ्यायची असते. रक्तदाब उतरवायला अर्धा तास लागला आणि त्या अर्ध्या तासात औषध भरलेलंही नव्हतं, हा प्रकार तर नेहमीचा. दोन्ही कामं एकाच वेळी दोघांनी करावीत.

टेनेक्टेप्लेज या त्याच कामाच्या नव्या औषधाने यातली बरीच कटकट संपवली. ०.२५ मिग्रॅ प्रति किलो, कमाल २५ मिग्रॅ, एकच बोलस, पंप नाही. २०२२ च्या कॅनडातल्या ॲक्ट चाचणीत १५७७ रुग्णांत ०-१ चे प्रमाण ३६.९ विरुद्ध अल्टेप्लेजच्या गटात ३४.८ टक्के. ही 'कमी नाही' हे सिद्ध करणारी, म्हणजे नॉन-इन्फिरिऑरिटीची चाचणी होती. अशा चाचणीत आधी मर्यादा ठरवतात: नवं औषध फार तर इतकं मागे असलं तरी चालेल. इथे ती ५ टक्के होती. फरकाचा अंदाज २.१ टक्के नव्या औषधाच्या बाजूने, खालचं टोक उणे २.६, म्हणजे मर्यादेच्या आत. 'टेनेक्टेप्लेज सरस' असं यातून निघत नाही. मर्यादा किती सैल ठेवली आहे ते अशा पेपरात सगळ्यात आधी बघावं, कारण ती १० टक्के ठेवली की जवळपास काहीही 'कमी नाही' ठरवता येतं.

डोस वाढवून मात्र अंगाशी येतं. नॉर्वेतल्या नॉर-टेस्ट २ मध्ये ०.४ मिग्रॅ प्रति किलो दिलं तेव्हा मेंदूतला कुठलाही रक्तस्राव २१ विरुद्ध ७ टक्के निघाला आणि चाचणीचा तो भाग थांबवावा लागला. हृदयविकाराच्या झटक्यात याच औषधाचा डोस वजनानुसार ३० ते ५० मिग्रॅ असतो. एकाच कपाटात एकच खोका, दोन आजार, दोन डोस. स्ट्रोकसाठीचा वजनाचा तक्ता खोक्यालाच चिकटवून ठेवलेला बरा. ग्लुकोज चालू असलेल्या नळीत हे औषध साकळतं, म्हणून आधी आणि नंतर सलाईनने नळी धुवायची.

दारात कुणाला घेतलं

गुठळी यंत्राने काढण्याच्या थ्रॉम्बेक्टॉमीचा इतिहास या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर आहे. २०१३ मध्ये एकापाठोपाठ तीन चाचण्यांचा निकाल 'फायदा नाही' असा आला. त्यातली सर्वांत मोठी आयएमएस-३, ६५६ रुग्ण, रँकिन ०-२ चे प्रमाण ४०.८ विरुद्ध ३८.७ टक्के. अनेकांनी उपचारावर फुली मारली. दोन वर्षांत मिस्टर क्लीन आली: नेदरलँड्समधली १६ केंद्रं, ५०० रुग्ण, ३२.६ विरुद्ध १९.१ टक्के. मधल्या काळात रोग बदलला नव्हता.

आयएमएस-३ मध्ये मोठी रक्तवाहिनी बंद असल्याचा पुरावा भरतीआधी बंधनकारक नव्हता. काही रुग्णांत काढायला गुठळीच नव्हती. उपकरणंही बरीचशी जुन्या पिढीतली. मिस्टर क्लीनमध्ये अँजिओग्राफीत बंद वाहिनी दिसल्याशिवाय प्रवेश नव्हता आणि उपचार गटातल्या ८१.५ टक्के रुग्णांत स्टेंट रिट्रीव्हर, म्हणजे गुठळी जाळीत पकडून ओढणारं नवं उपकरण, वापरलं गेलं. आणखी एक गोष्ट पेपरात ठळक दिसत नाही, पण मला ती फार महत्त्वाची वाटते: त्या देशात या उपचाराचा खर्च चाचणीत भाग घेणाऱ्या केंद्रांनाच मिळायचा. त्यामुळे 'हा रुग्ण चांगला दिसतोय, याला चाचणीबाहेर थेट घेऊ' हा मोह आटोक्यात राहिला. इतरत्र हाच मोह चाचण्यांना पोखरतो. सगळ्यात जास्त फायदा होईल असे रुग्ण बाहेरच्या बाहेर उपचार घेतात आणि चाचणीत उरतात ते शंकास्पद.

मेंदूच्या मागच्या बाजूच्या बॅसिलर धमनीच्या बाबतीत नेमकं हेच झालं. बेस्ट चाचणीत १३१ रुग्णांवरच काम थांबलं. कंट्रोल गटातल्या ६५ पैकी १४ जणांना शेवटी थ्रॉम्बेक्टॉमीच मिळाली. ज्याला ज्या गटात नेमलं त्याप्रमाणे मोजलं तर रँकिन ०-३ चे प्रमाण ४२ विरुद्ध ३२ टक्के, ठरल्याप्रमाणे उपचार झालेल्यांतच मोजलं तर ४४ विरुद्ध २६. पहिला आकडा फायदा कमी दाखवतो, दुसऱ्यात निवडीचा दोष शिरतो. खरं उत्तर यायला २०२२ उजाडावं लागलं. चीनमधल्या अटेन्शन चाचणीत ३४० रुग्ण, सगळे मध्यम ते तीव्र, आणि ०-३ चे प्रमाण ४६ विरुद्ध २३ टक्के.

मिस्टर क्लीनचा निकाल कळताच इतर चाचण्या वेळेआधी थांबल्या. ०-२ चे प्रमाण एस्केपमध्ये ५३.० विरुद्ध २९.३ टक्के, एक्स्टेंड-आयएमध्ये ७१ विरुद्ध ४० टक्के, पण या दुसऱ्या चाचणीत एकूण रुग्णच ७०. फायद्याच्या लाटेवर थांबलेल्या छोट्या चाचण्या फुगीर आकडे देतात. या दोघींत तर स्कॅनवरची निवडही कडक होती. एखाद्या रुग्णालयात दारात आलेल्या सरसकट रुग्णांना घेऊन ७१ टक्के गाठू असं कुणी म्हणालं तर ते होणार नाही.

आता सुरुवातीच्या ४९ आणि १३ कडे, म्हणजे नव्वदाव्या दिवशी ०-२ मध्ये असलेल्यांच्या प्रमाणाकडे. डॉनमध्ये ६ ते २४ तासांतले २०६ रुग्ण होते. अट अशी की मेंदूचा मेलेला भाग छोटा आणि लक्षणं मोठी. ८० किंवा जास्त वयाच्यांत एनआयएचएसएस १० किंवा जास्त आणि मेलेला भाग २१ मिलिपेक्षा कमी. त्याखालच्या वयात ३१ मिलिपेक्षा कमी, आणि एनआयएचएसएस २० किंवा जास्त असेल तर ५१ मिलिपेक्षा कमी. आठ-दहा तास वाहिनी बंद असूनही ज्याचा मेंदू अजून तग धरून आहे, असाच रुग्ण या दारातून आत येतो. बाजूच्या छोट्या वाहिन्यांनी त्याला जगवलेलं असतं. म्हणून उशिरा येऊनही या चाचणीतला फरक सहा तासांच्या आतल्या चाचण्यांपेक्षा मोठा दिसतो. यातून 'उशीर झाला तरी चालतं' असं कुणी काढलं तर त्याने पेपर वाचलेला नाही. ज्यांचा मेंदू तोवर संपला ते या हिशेबात आलेलेच नाहीत. डिफ्यूज-३ ची अट थोडी सैल, ६ ते १६ तास, मेलेला भाग ७० मिलिपेक्षा कमी. १८२ रुग्ण, ४५ विरुद्ध १७ टक्के.

मग दार आणखी उघडून पाहिलं गेलं. आधीच मोठा भाग मेलेल्यांवर २०२३ मध्ये सिलेक्ट-२ आली. ०-२ चे प्रमाण २० विरुद्ध ७ टक्के. फायदा पक्का, तरी उपचारानंतरही पाचातले चार जण परावलंबी किंवा मृत. दुसऱ्या टोकाला, मेंदूतल्या मध्यम आकाराच्या वाहिन्यांवर २०२५ मध्ये एस्केप-मेव्हो आणि डिस्टल या चाचण्यांनी फायदा दाखवला नाही. एस्केप-मेव्होमध्ये ०-१ चे प्रमाण ४१.६ विरुद्ध ४३.१ टक्के, मृत्यू १३.३ विरुद्ध ८.४ टक्के. वाहिनी बारीक, तिथवर पोचणं जोखमीचं, आणि औषधावरच निम्म्याच्या जवळपास रुग्ण चांगले होतात. सुधारायला जागाच कमी. कॅथलॅबमध्ये पडद्यावर वाहिनी उघडलेली बघून सगळे खूश होतात. रँकिनला त्या चित्राशी देणंघेणं नसतं.

शून्य फरकाच्या पोटात

'फरक नाही' हा निकालही उघडून बघावा लागतो. २०२४ च्या इंटरॅक्ट-४ मध्ये रुग्णवाहिकेतच रक्तदाब उतरवायला सुरुवात केली. स्कॅनआधी, म्हणजे गुठळी की रक्तस्राव हे कळायच्या आधी. २४०४ रुग्ण, एकूण परिणाम शून्य, ऑड्स रेशो १.००. त्यातल्या रक्तस्राव निघालेल्यांत वाईट निकालाची शक्यता कमी झाली, ०.७५. गुठळी निघालेल्यांत वाढली, १.३०. दोन विरुद्ध परिणाम एकमेकांत विरले. व्यवहारात याचा अर्थ असा की स्कॅनआधी दाब पाडायची घाई नको, आणि स्कॅनवर रक्त दिसलं की मिनिटभरही रेंगाळायचं नाही. रक्तस्रावाच्या रुग्णांत २०२३ च्या इंटरॅक्ट-३ ने ७०३६ रुग्णांत एकत्रित पद्धत तपासली: तासाभरात वरचा दाब १४० च्या खाली, साखर आणि ताप आटोक्यात, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरीनचा परिणाम लगेच उलटवणं. वाईट निकालाचा ऑड्स रेशो ०.८६. एकेकटा उपाय चाचण्यांत डगमगत होता, सगळे मिळून वेळेत केल्यावर फरक दिसला.

लवकर उठवून चालवणं बरं, हेही सगळ्यांना पटलेलं. २०१५ च्या ॲव्हर्ट चाचणीत २४ तासांच्या आत वारंवार उठवलेल्या गटात चांगले झालेले ४६ टक्के, नेहमीच्या पद्धतीत ५० टक्के. २१०४ रुग्ण, त्यामुळे योगायोग म्हणून झटकून टाकता येत नाही.

कवटी उघडण्याचा प्रश्न

मेंदूच्या अर्ध्या बाजूला सूज येऊन दाब वाढतो तेव्हा कवटीचा तुकडा काढून जागा करतात. ६० पर्यंतच्या वयोगटातल्या तीन युरोपीय चाचण्यांतल्या ९३ रुग्णांचा हिशेब २००७ मध्ये एकत्र मांडला गेला. वर्षाने जिवंत ७८ टक्के विरुद्ध २९ टक्के. स्ट्रोकच्या सगळ्या इतिहासात इतका मोठा जीव वाचवणारा फरक क्वचितच दिसतो. 'चांगला निकाल' मात्र इथे रँकिन ०-४ असा धरला होता, ७५ विरुद्ध २४ टक्के. रेघ ३ वर ओढली की ४३ विरुद्ध २१ उरतात. म्हणजे वाचलेल्यांतला मोठा हिस्सा ४ मध्ये आहे.

६० च्या वर वय असलेल्यांवर २०१४ मध्ये डेस्टिनी-२ आली, ११२ रुग्ण. ०-४ चे प्रमाण ३८ विरुद्ध १८ टक्के, आणि चाचणी यशस्वी म्हणून नोंदली गेली. पायऱ्या सुट्या करून बघा: ०-२ मध्ये कुणीच नाही, कुठल्याही गटात. ३ मध्ये ७ विरुद्ध ३ टक्के. ४ मध्ये ३२ विरुद्ध १५. ५ मध्ये २८ विरुद्ध १३. मृत्यू ३३ विरुद्ध ७० टक्के. सत्तरीतल्या रुग्णाच्या मुलांना संमतिपत्र देताना 'शस्त्रक्रियेने चांगल्या निकालाची शक्यता दुपटीने वाढते' हे वाक्य चाचणीप्रमाणे खरं आहे. त्यांना सांगायचं असतं ते असं: दहातले तीन तरीही जातील, तीन अंथरुणाला खिळून राहतील, तिघांना चालायला, अंघोळीला, कपडे घालायला माणूस लागेल, आणि एखादाच स्वतःच्या पायांवर चालेल. पुढचा प्रश्न ते स्वतःच विचारतात, आणि त्याचं उत्तर रुग्ण पूर्वी काय म्हणायचा यावर असतं.